नाशिकमध्ये जुनी इलेक्ट्रिक गाडी स्वतः विकताना: बॅटरीच्या कागदापासून आरसीवरच्या नावापर्यंत

२०२१ च्या दसऱ्याला घेतलेली इलेक्ट्रिक गाडी मी २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास विकली. चार वर्षं, ५४ हजार किलोमीटर. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा भाव काढायला एका शोरूममध्ये गेले, तर तिथल्या माणसानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायर पाहिले, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि ५ लाख ६० हजार सांगितले. बॅटरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "मॅडम, ईव्हीला रिसेल नाही," एवढंच बोलला. दीड महिन्यानं तीच गाडी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांनी माझ्याकडून ७ लाख ३५ हजारांना घेतली.

मधल्या दीड महिन्यात मी गाडीत फारसं काही बदललं नव्हतं. पण जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याच्या मनात बॅटरीची धास्ती असते आणि त्या धास्तीचे पैसे तो भावातून कापतो, हे मला कळलं होतं. ती धास्ती नुसत्या बोलण्यानं जात नाही. कागद, फोटो आणि प्रत्यक्ष चक्कर यांनी जाते. म्हणून पेट्रोल गाडी विकताना जे शेवटी करतात, ते इथे आधी करायचं.

आधी बॅटरीचा कागद

जाहिरात टाकण्याआधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ रिपोर्ट मागा. त्यात स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे बॅटरी नवी होती तेव्हाच्या तुलनेत आज किती ऊर्जा साठवते, हा आकडा टक्क्यांत असतो. माझा ९२ आला. रिपोर्टवर चेसिस नंबर, किलोमीटर आणि तारीख असल्याची खात्री करा, नाहीतर तो कुठल्याही गाडीचा असू शकतो असं घेणारा म्हणेल, आणि त्याचं चूक नाही. सगळीच सेंटर हा कागद पहिल्या फेरीत देत नाहीत. सर्व्हिसिंगला गाडी लावतानाच जॉब कार्डवर तशी मागणी लिहून घ्या, तोंडी सांगून उपयोग नाही.

दुसरा मार्ग ओबीडी डोंगलचा, म्हणजे गाडीच्या आतली माहिती वाचणाऱ्या छोट्या उपकरणाचा. स्टिअरिंगखालच्या पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावला की काही मॉडेलांत मोबाइलच्या अ‍ॅपवर हेल्थ, सेलचं तापमान आणि प्रत्येक सेलचं व्होल्टेज दिसतं. सर्वांत जास्त व्होल्टेजचा सेल आणि सर्वांत कमी व्होल्टेजचा सेल यांच्यातला फरक जितका कमी, तितका पॅक एकसारखा म्हातारा होतोय असं समजायचं. जाणकार गिऱ्हाईक नेमकं हेच बघतं.

रिपोर्ट काढायला जाण्याआधी एक काम मात्र विसरू नका. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची असेल, तर आधी घरच्या हळू चार्जरवर एकदोनदा पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत न्या. या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे गाडीचा स्वतःचा टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरल्यावर तो ताळ्यावर येतो. माझी गाडी महिनाभर ८० टक्क्यांवरच थांबवलेली होती. तशीच नेली असती तर आकडा कदाचित उगाच कमी दिसला असता.

आता चक्कर. कागदापेक्षा माणसाला हीच पटते. मी एका रविवारी सकाळी १०० टक्के भरलेली गाडी घेऊन त्र्यंबकेश्वरला गेले आणि परत आले. येऊन जाऊन ६० किलोमीटर. एसी चालू, दोघं जण, टायरमध्ये बरोबर हवा, वेग साठच्या आतबाहेर. निघताना आणि परत आल्यावर डॅशबोर्डचा फोटो काढला: १०० टक्के, मग ७२ टक्के. म्हणजे २८ टक्क्यांत ६० किलोमीटर, पूर्ण चार्जमध्ये साधारण २१४. हा रस्ता मुद्दाम घेतला, कारण जाताना चढ लागतो आणि येताना तोच उतार परत मिळतो, हिशेब कुणाच्या बाजूला झुकत नाही. कसारा घाटाची एकतर्फी चक्कर कधी पुरावा म्हणून दाखवू नका. उतरताना रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच बॅटरी भरते त्यामुळे, गाडी फुकट चालल्यासारखी वाटते आणि चढताना टक्के झरझर उतरतात. दोन्हीतून खोटं चित्र उभं राहतं.

एका चार्जमध्ये गाडी किती चालते याचा ब्रोशरवरचा, एआरएआय या चाचणी संस्थेचा आकडा जाहिरातीत लिहूच नका. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा दाखला घ्या. ३०.२ किलोवॅट अवरची बॅटरी आणि कागदावर ३१२ किलोमीटर. तेवढं रोजच्या वापरात कधीच मिळत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तो आकडा लिहिणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मग कुणी विश्वास ठेवत नाही.

वॉरंटी हा बॅटरीच्या कागदाचा दुसरा अर्धा भाग. बहुतेक गाड्यांना बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते, अशी हमी असते. माझ्या गाडीला २०२९ च्या ऑक्टोबरपर्यंतची मुदत आणि १ लाख ६ हजार किलोमीटर शिल्लक होते, आणि घेणाऱ्यासाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट होती. पण हमी दुसऱ्या मालकाला जशीच्या तशी जाते का, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा. अलीकडे काही कंपन्या आजीवन हमी देतात, ती पहिल्या मालकापुरतीच असते. एमजी विंडसर या इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत पहिल्या मालकाला आजीवन आणि त्याच्यानंतरच्याला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, असा फरक आहे. हे लपवून गाडी विकली तर ते फसवणं झालं.

विंडसरचाच आणखी एक मुद्दा. ती २०२४ मध्ये आली तेव्हा ९ लाख ९९ हजार अधिक बॅटरीचं दर किलोमीटरला ३ रुपये ५० पैसे भाडं, अशा योजनेतही मिळत होती. अशी भाड्याच्या बॅटरीची गाडी असेल तर तुम्ही विकताय ती बॅटरी पूर्ण तुमची नाही. वित्तसंस्थेशी आधी बोला: शिल्लक रक्कम एकदम भरून मोकळं व्हायचं की करार नव्या मालकाच्या नावे करायचा. उत्तर लेखी मिळेपर्यंत जाहिरात टाकू नका.

मग गाडीची फाइल

आरसी, विमा पॉलिसी, सर्व्हिसची सगळी बिलं, दोन्ही किल्ल्या, मूळ खरेदीचं इनव्हॉइस. पीयूसी लागत नाही, बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना ती नाहीच. तरी दहातले पाच जण विचारतात, शांतपणे सांगायचं.

कर्ज असेल तर ते फेडून बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या आणि आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या. "विकल्यावर त्या पैशातून कर्ज फेडतो" हे घेणाऱ्याच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचं वाक्य असतं. नाइलाज असेल तर घेणाऱ्याला बँकेत सोबत न्या आणि त्याचे पैसे थेट कर्जखात्यात भरायला लावा. बँकेच्या एनओसीला मुदत असते, महिनोन्महिने फाइलमध्ये ठेवू नका.

ई-चलन बघा. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या सिग्नलला कधी फोटो निघाला हे आपल्याला कळतही नाही. थकलेलं चलन असलं की ट्रान्सफर अडकतो.

आणि आता जिथे माझा एक आठवडा गेला ती गोष्ट. सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत तुमच्या आरसीला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे, ते आजच तपासा. ट्रान्सफरचा ओटीपी त्या नंबरवर जातो. माझ्या आरसीला माझा नंबरच नव्हता. गाडी घेतली तेव्हा कागद भरणाऱ्यानं स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता आणि तो नंबर आता बंद. गिऱ्हाईक समोर बसलेलं, फॉर्म भरलेला, आणि ओटीपी येईना. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन नंबर बदलून घेतला तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. असं माझ्या ओळखीत आणखी दोघांचं झालेलं आहे. आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरश: जुळतंय का तेही बघा. लग्नाआधीचं नाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं, यावरून आधारची पडताळणी अडते.

भाव कसा काढायचा

इथे लोक एक चूक हमखास करतात. स्वतः किती मोजले तिथून सुरुवात करतात. मी रस्त्यावर आणेपर्यंत १५ लाख ८० हजार मोजले होते. पण घेणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? तो आज तेवढ्याच क्षमतेची नवी गाडी कितीला मिळते ते बघतो. आणि नव्या ईव्ही स्वस्त होत गेल्या आहेत. टाटांनी २०२४ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये नेक्सॉन ईव्हीच्या किमती उतरवल्या, सप्टेंबरची सूट काही प्रकारांवर ३ लाखांपर्यंत होती. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीची त्याच दिवशी उतरते.

२०२५ च्या घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ईव्हीचा ५ टक्केच राहिला. फायदा ईव्हीकडे अजून आहे, पण दोघींतलं अंतर कमी झालं. त्या आठवड्यात मला आलेल्या फोनांचा सूरच बदलला: "ताई, एवढ्यात नवी पेट्रोल येतेय की!" म्हणून भाव ठरवताना फक्त जुन्या ईव्हींशी तुलना करून चालत नाही, त्या पैशात येणाऱ्या नव्या लहान पेट्रोल गाडीशीही करा. तुमच्या गाडीच्या बाजूनं बोलणारा आकडा रोजच्या खर्चाचा आहे. माझी गाडी त्र्यंबकच्या चक्करीत ६० किलोमीटरला साडेआठ युनिट खाऊन आली. घरच्या विजेच्या दरानं ते गुणून दाखवा आणि शेजारी पेट्रोलचा हिशेब मांडा.

मी चार आकडे एका कागदावर लिहिले. सवलतीसह आजच्या नव्या गाडीची किंमत, दोन डीलरांचे लेखी भाव, माझ्याच मॉडेलच्या आणि त्याच वर्षाच्या गाड्यांच्या ऑनलाइन जाहिराती (नाशिक, पुणे, ठाणे), आणि पॉलिसीतला आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. शेवटच्यावर फार विसंबू नका. तो ठरीव घसाऱ्यानं निघतो, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला ४० टक्के, ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ५० टक्के. बॅटरी कशी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. घासाघिशीत मात्र कामाला येतो.

डीलर कमी भाव का देतो हे समजून घेतलं तर रागही येत नाही आणि आपली जागाही कळते. त्याला गाडी ठेवायची, दुरुस्त करायची, पुढे हमी द्यायची असते. शिवाय जुनी गाडी विकताना नोंदणीकृत डीलरला त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. ईव्हीलाही हा दर २०२५ पासून लागू झाला. मार्जिन १ लाख ६० हजार धरलं तर कर २८ हजार ८००. दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहारात हा कर नाही. ही मधली रक्कम तुमच्यात आणि घेणाऱ्यात वाटली जाते, म्हणून त्याला डीलरपेक्षा थोडं स्वस्त आणि तुम्हाला थोडं जास्त, दोन्ही एकाच वेळी जमतं. ज्यांना हे सगळं करायला वेळ नाही, त्यांनी डीलरला देण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त तोही गाडी नावावर करून घेतोय ना, हे बघा.

मी ७ लाख ९० हजार सांगितले आणि ७ लाख २० हजारांच्या खाली जायचं नाही हे घरात आधीच ठरवलं. हा खालचा आकडा नवऱ्यालाही पाठ करायला लावला, कारण फोन कधी तो उचलतो.

वेळेचंही सांगते. पितृपक्षात आपल्याकडे गाडी कुणी घेत नाही. जाहिरात गणपतीत टाकली तर पहिली गर्दी आटोपून पंधरवडा नुसता फोनांचा जातो. मी तो काळ फोटो, रिपोर्ट आणि बोलणी यांत घालवला आणि सौदा नवरात्रात पक्का केला. दसरा-दिवाळीला नव्या गाड्यांवर मोठ्या सवलती असतात हेही खरं, पण "दसऱ्याला दारात गाडी" हा ओढा त्याहून मोठा असतो. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेलाही तेच.

थोडी डागडुजी

थोडीच. बारा व्होल्टची छोटी बॅटरी मरायला आली असेल तर बदला. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी बसली की गाडी उठतच नाही, आणि गिऱ्हाइकासमोर तसं झालं तर तो समजतो की मोठीच गेली. ईव्ही जड असते, टायर लवकर झिजतात. चारही गुळगुळीत झाले असतील तर नवे टाकण्यापेक्षा भावात सरळ वजावट द्या. बंपरचा ओरखडा मी तसाच ठेवला आणि त्याचा फोटो जाहिरातीत टाकला.

जाहिरात

माझी अशी होती: "२०२१ ऑक्टोबर, पहिला मालक, एमएच १५, ५४ हजार किमी. कंपनीचा बॅटरी रिपोर्ट ९२ टक्के, कागद दाखवीन. नाशिक-त्र्यंबक-नाशिक ६० किमीला २८ टक्के, डॅशबोर्डचे फोटो सोबत. बॅटरी वॉरंटी ऑक्टोबर २०२९ पर्यंत. ९० टक्के चार्जिंग घरी, हळू चार्जरवर. १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर सोबत मिळेल, भिंतीवरचा वॉलबॉक्स वेगळा. मागच्या बंपरला ओरखडा. कर्ज नाही. दिवसा उजेडात, इंदिरानगरमध्ये पाहायला या."

फोटोत नंबर प्लेट झाका, आरसी टाकू नका. वॉलबॉक्सचं आधीच ठरवा. तो काढून द्यायचा असेल तर काढण्या-लावण्याचा खर्च कुणाचा, तेही. आम्ही आमचा ठेवला.

फोन येतात त्यातले काही सौद्यासाठी नसतात. गाडी न बघताच भाव मान्य करणारा, स्वतःला सैन्यात असल्याचं सांगणारा, "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणणारा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फोन ठेवून द्या, वाद घालू नका.

गिऱ्हाईक घरी आलं की

नाशिकमध्ये जुनी ईव्ही कुणाला खरोखर सोयीची, याचा विचार करून मी फोनवरच दोन प्रश्न विचारायचे: गाडी कुठे लावता, आणि रोज किती फिरता? सातपूर-अंबडला कामाला जाणारा, सोसायटीत स्वतःचं पार्किंग असलेला माणूस उत्तम. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला मी स्वतःच सांगायचे की पुन्हा विचार करा. दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्यालाही. चुकीच्या माणसाच्या गळ्यात मारलेली गाडी आठ दिवसांनी फोन बनून परत येते. टॅक्सीसाठी हवी असेल तर हिरव्या पाटीवरची पांढरी अक्षरं पिवळी करायला रीतसर परवाना लागतो आणि व्यावसायिक वापराला बॅटरीच्या हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात, हे त्याला आधीच सांगा.

चक्करीला जाताना लायसन्सचा फोटो घ्यायचा, गाडी १०० टक्के भरलेली ठेवायची, आणि आपण शेजारी बसायचं.

दिंडोरीचे ते काका मुलाला घेऊन आले होते. बंगला, अंगण, छतावर सोलर. त्यांना गाडी आवडली, रिपोर्ट मुलानं वाचला, त्र्यंबक रस्त्यावर पंधरा किलोमीटर चालवून टक्का किती उतरतो तो त्यांनी स्वतः पाटीवर मांडावा तसा बोटांवर मांडला. तरी पाय मागेच. शेवटी म्हणाले, "ताई, आमच्या गावच्या लाइटवर ही भरंल का, तेवढंच सांगा."

मी म्हटलं, मी कशी सांगू, चार्जर घेऊन येते. पुढच्या शनिवारी गाडी आणि पोर्टेबल चार्जर घेऊन त्यांच्याकडे गेले. पडवीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला आणि चार्जरचा लाल दिवा लागला. काकांचा चेहरा पडला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मला माहीत होतं की हे गाडीचं दुखणं नाही, अर्थिंगचं आहे. अर्थिंग धड नसलं की चार्जर करंट सोडतच नाही, आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं. गावातला वायरमन आला, टेस्टरनं पाहिलं. जुन्या अर्थिंगची तार कधीच गंजून तुटलेली. त्यानं मीठ-कोळसा टाकून नवा खड्डा करून द्यायचं कबूल केलं. चार दिवसांनी काकांचा फोन आला, व्हिडिओवर हिरवा दिवा दाखवला. रात्रभर लावून ठेवली तर सकाळपर्यंत गाडी भरेल, मी सांगितलं. "मग बयाणा कधी पाठवू?" त्यांनी विचारलं. त्या एका दिव्यापुढे माझे सगळे रिपोर्ट फिके होते.

तेव्हा तुमचं गिऱ्हाईक खेड्यातलं असो की गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यातलं, चार्जर एकदा त्याच्या सॉकेटला लावून बघा. सोसायटीतला असेल तर सोसायटीची चार्जिंगला परवानगी आहे का, हे पैसे घेण्याआधी त्याला विचारायला लावा.

पैसे

बयाणा बँकेतून घ्या आणि त्याची पावती द्या. गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण रक्कम, बाकी किती, कोणत्या तारखेपर्यंत, सौदा मोडला तर बयाण्याचं काय. मी २५ हजार घेतले. बाकीची रक्कम आरटीजीएसनं, आणि ती माझ्या खात्यात प्रत्यक्ष दिसल्यावर किल्ली. समोरच्यानं मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आरटीजीएस आता चोवीस तास चालतं, त्यामुळे "बँक बंद आहे, उद्या येतील" याला अर्थ नाही.

रोख द्यायची तयारी बरेच जण दाखवतात. आयकर कायद्यानं एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, म्हणजे तुम्हाला. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गाडी धंद्याच्या खात्यात दाखवलेली असेल, घसारा घेतलेला असेल, तर मात्र सीएला विचारून मगच विका.

विक्रीचा करार स्टँप पेपरवर करतात. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा लागतो. त्यात गाडी आहे त्या स्थितीत दिली, बॅटरी रिपोर्टची तारीख आणि आकडा, किलोमीटर हे लिहा. आणि ताबा दिल्याची तारीख, तास-मिनिटासह. ताबा ४ वाजून २० मिनिटांनी दिला असेल तर त्यानंतरचं सिग्नल तोडणं तुमच्या माथी येऊ नये म्हणून.

आरटीओ

करार झाला, पैसे आले, गाडी गेली, म्हणजे सुटलो असं वाटतं. कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या मालकावरच आली.

म्हणून ट्रान्सफरचं काम घेणाऱ्यावर सोडू नका. फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३० दोघांच्या सह्यांचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर होतो. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासून काढलेला ठसा मागतात, आणि इंजिन नंबरच्या जागी ईव्हीला मोटरचा नंबर येतो. तो कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाच्या हाती देणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. मी कळकळीनं सांगते, देऊ नका. भरलेल्या फॉर्मचा फोटो आणि अर्ज क्रमांक आपल्याकडे हवाच.

घेणारा गुजरातचा असेल, आणि नाशिकला सुरत-वलसाडची गिऱ्हाइकं येतातच, तर फॉर्म २८ ची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आपल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आधी लागते आणि विकणाऱ्याला ती पुढे द्यायला ४५ दिवसांची मुदत असते. महाराष्ट्रात ईव्हीला मोटार वाहन करातून सूट मिळालेली असते. दुसऱ्या राज्यात त्याला कर भरावा लागेल का, हे त्यानं स्वतः तिथल्या आरटीओत विचारून यायचं. नंतर तो खर्च तुमच्याकडे मागू नये म्हणून तेही करारात लिहा.

गाडी सोडताना

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कंपनीचं मोबाइल अ‍ॅप. गाडी दिल्यानंतर तीन दिवस माझ्या फोनवर सूचना येत होत्या: दार उघडं, चार्जिंग सुरू, चार्जिंग पूर्ण. काकांची गाडी वणीला गेली हे मला घरबसल्या दिसलं. मला ते फार अवघड वाटलं. दुसऱ्याच्या घरातली हालचाल आपल्याला दिसणं बरोबर नाही, आणि उलट एखाद्या विकणाऱ्याच्या मनात वाईट आलं तर तो दारंही उघडू शकतो. ताबा देण्याआधी अ‍ॅपमधून गाडी काढा, स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट करा, जोडलेले फोन, घरचा पत्ता, कॉल यादी पुसा, आणि घेणाऱ्याच्या समोर त्याच्या फोनवर नवं खातं सुरू करून द्या. चार्जिंग कंपन्यांच्या अ‍ॅपमधूनही गाडी काढा.

फास्टॅग बंद करून काचेवरून खरवडून काढा. तो तसाच राहिला तर समोरच्याचा टोल तुमच्या खात्यातून जातो. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी देण्याचं राज्याच्या २०२५ च्या धोरणात आहे. सिन्नर-इगतपुरीकडून समृद्धी धरणाऱ्यांसाठी हा मोठा मुद्दा आहे, आणि त्यासाठीही टॅग गाडीच्या खऱ्या मालकाच्या नावे नोंदलेला असलेला बरा.

विम्याचं दोन भागांत समजून घ्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण पॉलिसी नव्या मालकाच्या नावे झाल्याशिवाय त्याला मिळत नाही. त्यानं विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र तुमचा आहे, गाडीचा नाही. पॉलिसी ट्रान्सफर होताना कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्या. ते ३ वर्षं चालतं, आणि पाच वर्षं दावा केला नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट म्हणजे लहान रक्कम नव्हे.

अकराव्या दिवशी मी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला आणि मालकाच्या रकान्यात काकांच्या नावाची अर्धी झाकलेली अक्षरं दिसली. त्याच दुपारी सर्व्हिस सेंटरला फोन करून वॉरंटीच्या नोंदीतही त्यांचं नाव आणि नंबर घालायला लावला, आणि त्यांनाही तिथून खात्रीचा मेसेज आला का ते विचारून घेतलं.